मेकॅनिक व्हायचंय म्हणतोय? मग आधी हिशोब मांडूया

न्यू साउथ वेल्समध्ये एचएससीची लेखी परीक्षा आणि आपली दिवाळी बहुतेक वर्षी एकमेकींच्या आगेमागेच येतात. त्यामुळे कॅसल हिल, केलीविल, बॉकम हिल्सच्या घरांत फराळाच्या ताटासोबत एक प्रश्न हमखास फिरतो: "मग, पुढे काय?" उत्तर इंजिनिअरिंग, मेडिसिन, कॉमर्स-लॉ असं आलं की विषय तिथेच संपतो आणि चकलीकडे वळतो. उत्तर "ॲप्रेंटिसशिप, गाड्यांचा मेकॅनिक" असं आलं, तर काका-मावशींचे चहाचे कप क्षणभर हवेतच राहतात. मग कुणीतरी सावरून घेतं, "अरे वा, हल्ली ट्रेडवाले खूप कमावतात म्हणे!"

या "म्हणे"ची जरा उलटतपासणी करूया. तुमच्या घरात हा प्रश्न आला असेल किंवा तुम्ही स्वतःच तो आईबाबांसमोर टाकायच्या तयारीत असाल (मुलांनो, मराठी पानंही वाचता हे ठाऊक आहे मला), तर दोन्ही बाजूंना एकच कागद समोर ठेवून बोलता यावं एवढाच हेतू.

आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर गॅरेज म्हटलं की रस्त्याच्या कडेचा पत्र्याचा आडोसा, काळं पडलेलं बनियन आणि "ए बारक्या, चौदा-पंधराचा पाना दे" ही हाक येते. बारक्या शिकतो, पण त्याचं शिक्षण कुठल्याच कागदावर येत नाही. महाराष्ट्रात याला पर्याय नव्हता असं मात्र नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा कोर्स करायचा, मग १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली पिंपरीला टेल्को किंवा आकुर्डीला बजाजमध्ये शिकाऊ म्हणून लागायचं, या वाटेनं पिंपरी-चिंचवडमधली कितीतरी घरं उभी राहिली. इथली पद्धत त्या दुसऱ्या वाटेच्या जवळची आहे, पत्र्याच्या आडोशाच्या नाही. फरक एवढाच की तिकडे आधी वर्ग आणि मग कंपनी. इथे आधी नोकरी आणि मग वर्ग.

हा क्रम आपल्या लोकांना सहसा लक्षात येत नाही. आपण सवयीने कॉलेज शोधायला लागतो, फी विचारतो, प्रॉस्पेक्टस मागवतो. ॲप्रेंटिसशिपमध्ये खरा "प्रवेश" वर्कशॉपचा मालक देतो. तो कामावर घ्यायला तयार झाला की ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवर सह्या होतात, तो राज्य सरकारच्या ट्रेनिंग सर्व्हिसेस एनएसडब्ल्यूकडे नोंदला जातो, आणि मग टेफ किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत नाव घातलं जातं. कोर्सचं नाव सर्टिफिकेट थ्री इन लाइट व्हेइकल मेकॅनिकल टेक्नॉलॉजी. मुदत साधारण चार वर्षं. पण प्रगती कौशल्यावर मोजली जाते, त्यामुळे हात लवकर बसलेला मुलगा थोडा आधीही सुटू शकतो. आपल्या भागातल्या मुलांना वर्गासाठी वेदरिल पार्कच्या टेफला जावं लागू शकतं. आपली मेट्रो कितीही चकचकीत असली तरी ती तिकडे जात नाही. हे पुढे खर्चात येईल.

फी किती?

हा भाग लवकर उरकतो. न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०१८ पासून सरकारी अनुदानातल्या ॲप्रेंटिसशिपची विद्यार्थी फी सरकारच भरतं. त्याआधी ती जास्तीत जास्त दोन हजार डॉलरपर्यंत होती. पुस्तकांचा नेमून दिलेला खर्च प्रगती समाधानकारक असेल तर मालकाने परत करायचा असतो. टेफच्या दिवसाचाही पगार मिळतो. थोडक्यात, शिकण्याची फी जवळपास शून्य. खर्च आहे, पण तो फीच्या रकान्यात नाही.

पगार

मोटर मेकॅनिकचा किमान पगार "व्हेइकल रिपेअर, सर्व्हिसेस अँड रिटेल अवॉर्ड"मध्ये ठरतो. १ जुलै २०२५ पासून पूर्ण शिकलेल्या कारागिराचा किमान दर ३८ तासांच्या आठवड्याला १,०६८.४० डॉलर आहे. ॲप्रेंटिसला याचे टक्के मिळतात. बारावी पूर्ण केलेल्याला पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ६५, मग ७५ आणि चौथ्या वर्षी ८८. म्हणजे आठवड्याला अंदाजे ५८७, ६९४, ८०१ आणि ९४० डॉलर. बारावी न करता दहावीनंतर बाहेर पडलेल्याला पहिली दोन वर्षं ५० आणि ६० टक्केच. "बारावीचा काय उपयोग, गाडीच तर दुरुस्त करायचीय" असं म्हणणाऱ्या लेकाला हे आकडे दाखवा: पहिल्या दोन वर्षांतच पाच हजारांहून जास्त डॉलरचा फरक पडतो.

दर जसेच्या तसे राहिले असं धरून चारही वर्षांची बेरीज केली तर सुमारे १,५७,००० डॉलर होते. त्यावर १२ टक्के सुपर वेगळं. पहिल्या वर्षी कर कमी, कारण १८,२०० डॉलरपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे.

एकवीस किंवा त्याहून मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. त्याला पहिल्याच वर्षी कारागिराच्या दराच्या ८० टक्के, म्हणजे आठवड्याला साधारण ८५५ डॉलर मिळतात. विद्यापीठात दोन वर्षं काढून "हे माझं नाही" असं कळलेल्या मुलामुलींनी ही ओळ दोनदा वाचावी. अर्थात मालकालाही हा आकडा माहीत असतो, आणि म्हणून काही वर्कशॉप अठरा वर्षांच्याच पोराला पसंती देतात, हेही खरं.

याशिवाय सरकारी मदत आहे. मोटर मेकॅनिक हा टंचाईचा व्यवसाय मानला जात असल्याने ॲप्रेंटिसच्या खात्यात केंद्र सरकारकडून थेट पैसे येतात. २०२५ साली ही रक्कम दोन वर्षांत मिळून ५,००० डॉलरपर्यंत होती. ती बजेटागणिक खालीवर होते, तेव्हा सही करायच्या दिवशी किती आहे ते विचारा. ओपल कार्ड सवलतीचं मिळतं, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी गाडीच्या रजिस्ट्रेशनवर १०० डॉलरची सूट असते. ॲप्रेंटिसशिप सपोर्ट लोन नावाचं कर्जही आहे. २०१४ साली ते सुरू झालं तेव्हा चार वर्षांत २०,००० डॉलरची मर्यादा होती, पुढे ती महागाईनुसार वाढत गेली. कोर्स पूर्ण केला तर त्यातले २० टक्के माफ होतात आणि परतफेड करातून होते. घरी राहणाऱ्या मुलाने या कर्जाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फार तर हत्यारांसाठी घ्यावं, चकचकीत यूटसाठी तर अजिबात नाही.

खरा खर्च कुठे आहे

पहिला खर्च हत्यारांचा. लिफ्ट, कॉम्प्रेसर, स्कॅन टूल ही मोठी सामग्री वर्कशॉपची; पण पाने, सॉकेट, रॅचेट, पक्कड, टॉर्क रेंच हे हळूहळू स्वतःचं करावं लागतं. अवॉर्डमध्ये हत्यारांचा भत्ता आहे, पण तो आठवड्याला थोडेच डॉलर देतो. वर्कशॉपच्या दारात दर आठवड्याला हत्यारांची व्हॅन येते. ती चालवणारा माणूस गोड बोलतो, हप्त्याने देतो, आणि अठरा वर्षांच्या पोराला तीन हजारांची लाल पेटी फार सुंदर दिसते. बऱ्याच मुलांचं पहिलं कर्ज इथेच होतं. साधी, मध्यम किमतीची पेटी घ्यावी आणि जे हत्यार वारंवार लागतं तेवढंच पुढे चांगलं घ्यावं, असं अनुभवी मेकॅनिक सांगतात. पावत्या जपून ठेवा. कामासाठी घेतलेलं ३०० डॉलरपर्यंतचं हत्यार त्याच वर्षी करात वजा होतं. त्याहून महागाचं घसाऱ्याने काही वर्षांत.

दुसरा खर्च येण्याजाण्याचा. वर्कशॉप सकाळी साडेसातच्या आसपास उघडतं, आणि इंडस्ट्रियल एरियाच्या टोकाला त्या वेळी बस असेलच असं नाही. म्हणजे गाडी हवी. इथे लाल पी सतराव्या वर्षाआधी मिळत नाही, त्याआधी १२० तासांचं लॉगबुक भरायचं असतं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ॲप्रेंटिस व्हायचं म्हणजे वर्षभर आईने किंवा बाबांनी पहाटे ड्रायव्हर व्हायचं. नव्या पी-प्लेटवाल्याचा विमा किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसरा खर्च कुठल्याच कागदावर येत नाही: घर. आठवड्याला ५८७ डॉलरमध्ये सिडनीत भाडं भरून स्वतंत्र राहता येत नाही. ही ॲप्रेंटिसशिप खरं तर आईवडिलांच्या छपराच्या जोरावर चालते. कॅसल हिलमध्ये घर असलेल्या कुटुंबाला ते जाणवणारही नाही, पण ज्याला घर नाही त्याच्यासाठी पहिली दोन वर्षं फार अवघड असतात. ॲप्रेंटिसशिप सुरू करणाऱ्यांपैकी ट्रेडमध्ये जेमतेम निम्मेच ती पूर्ण करतात, त्याचं कमी पगार हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण वाईट मालक.

इंजिनिअरच्या शेजारी ठेवून पाहू

आपल्या घरांत तुलना होणार ती इंजिनिअरशीच. २०२५ साली सरकारी जागेवर इंजिनिअरिंग शिकणाऱ्याचा वर्षाचा हिस्सा सुमारे ९,३०० डॉलर होता, म्हणजे चार वर्षांचे ३७,०००. कॉमर्सला वर्षाला जवळपास १७,०००. तीन वर्षांत पन्नास हजारांच्या पुढे. (२०२५ मध्ये सरकारने विद्यार्थी-कर्जातले २० टक्के माफ केले, पण ते तेव्हा डोक्यावर असलेल्या कर्जाला. आता सुरू करणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.)

बाविसाव्या वर्षी चित्र असं: मेकॅनिकने १,५७,००० कमावलेत आणि कर्ज नाही, इंजिनिअरवर ३७,००० आहेत. फरक १,९४,००० डॉलरचा. आता पुढे चला. २०२३ च्या ग्रॅज्युएट आउटकम्स सर्व्हेत पूर्णवेळ नोकरीतल्या नव्या पदवीधरांच्या पगाराचा मधला आकडा ७१,००० डॉलर होता. मेकॅनिकचा अवॉर्डप्रमाणे किमान पगार वर्षाला सुमारे ५५,५००. अंतर साधारण १५,५००. हे अंतर कधीच वाढलं नाही असं धरलं, तर पदवीधराला बरोबरी साधायला बारा-तेरा वर्षं लागतील.

पण असं धरणं चुकीचं आहे, दोन्हीकडून. विद्यार्थीसुद्धा शनिवार-रविवारी काम करतो. वर्षाला १५,००० कमावले म्हणा, तर सुरुवातीचा फरक १,३४,००० वर येतो आणि बरोबरीची वेळ आठ-नऊ वर्षांवर. इंजिनिअरचा पगार पुढची पंधरा वर्षं चढत राहतो, मेकॅनिकचा एका जागी लवकर टेकतो. उलट, ५५,५०० हा मेकॅनिकच्या पगाराचा तळ आहे आणि ७१,००० हा पदवीधरांचा मध्य. तळाची तुलना मध्याशी करणं मेकॅनिकवर अन्याय आहे. मेकॅनिकच मिळत नाहीत अशी ओरड असताना चांगल्या हाताला अवॉर्डच्या वर द्यावंच लागतं. ओव्हरटाइम असतो. आणि ज्या मुलाने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, त्याच्या हाती फक्त कर्ज उरतं, हा रकाना आपण तुलनेत कधी घालतच नाही.

तिशीच्या अलीकडे पैशाने मेकॅनिक पुढे असतो. तिशीनंतर बहुधा इंजिनिअर. चाळिशीत कोण पुढे असेल, हे मेकॅनिक अजून लिफ्टखालीच उभा आहे की नाही यावर ठरतं. पाठ, गुडघे आणि खांदे हा या व्यवसायाचा घसारा आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून पुढची पायरी डोळ्यासमोर हवी: डायग्नोस्टिक्स आणि ऑटो-इलेक्ट्रिकल, वर्कशॉप मॅनेजर, फ्लीट, टेफमध्ये शिकवणं, किंवा ट्रक आणि अवजड यंत्रं. शेवटच्याचा कोर्स वेगळा आहे. हंटर व्हॅलीच्या खाणींतला पगार शहरातल्या वर्कशॉपपेक्षा बराच जास्त असतो, पण मग जगणंही रोस्टरचं.

स्वतःचं गॅरेज हा आणखी एक रस्ता, आणि आपल्या लोकांना तो आवडतो. त्यासाठी आधी कागद. न्यू साउथ वेल्समध्ये "मोटर डीलर्स अँड रिपेअरर्स ॲक्ट २०१३" प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडे ट्रेड्सपर्सन सर्टिफिकेट लागतं आणि धंद्याला वेगळं लायसन्स. गाडीच्या एसीच्या गॅसला हात लावायचा तर एआरसीटिक लायसन्स तिसरं. बारक्याने वर्षानुवर्षं शिकून इथे नुसतं दुकान थाटलं असं चालत नाही, आणि ते बरंच आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर?

हा प्रश्न बाबा लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात. ऑइल बदलणं, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट ही वर्कशॉपची रोजची भाकरी. बॅटरीच्या गाडीत ती नाही. २०२५ पासून नव्या गाड्यांच्या प्रदूषणाचं मानक लागू झालंय, त्यामुळे हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढणारच. पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन, कूलिंग, एसी, वायरिंग, कॅमेरे आणि सेन्सर राहतातच, आणि शेकडो व्होल्टच्या गाडीला हात लावण्याचं प्रशिक्षण असलेला माणूस वर्कशॉपला हवाच असतो. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं सर्टिफिकेट थ्रीसुद्धा आहे. शिवाय आज रस्त्यावर असलेली पेट्रोलची गाडी उद्या सकाळी गायब होत नाही. ती पंधरा-वीस वर्षं दुरुस्तीला येत राहते.

स्वतंत्र वर्कशॉपना एक आधार १ जुलै २०२२ ला मिळाला. त्या दिवसापासून गाड्यांच्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती वाजवी दरात बाहेरच्या वर्कशॉपनाही द्यावी लागते. त्याआधी कॉम्प्युटरमधल्या साध्या बिघाडासाठी गाडी डीलरकडे पाठवावी लागायची. माझा अंदाज असा की पुढच्या वीस वर्षांत पान्यापेक्षा लॅपटॉपवर जास्त कमाई होईल, आणि गणित-फिजिक्स बरं असलेल्या मुलाला, मुलीलाही, इथे वाव आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. या कामात त्या अजून फार कमी आहेत, आणि ताकदीचं जुनं कारण लिफ्ट आणि पॉवर टूल्सनी बरंचसं निकालात काढलंय.

फी भरून शिकायचं असेल तर

वरचं सगळं नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट मुलांचं. भारतातून स्टुडंट व्हिसावर येऊन ऑटोमोटिव्ह कोर्स करणाऱ्यांचं गणित पूर्ण उलटं आहे: फी पूर्ण भरायची, सरकारी मदत नाही, कामाच्या तासांवर मर्यादा. तुमच्या भाच्याने किंवा मित्राच्या मुलाने सल्ला विचारला, तर एजंटच्या "पीआर पक्का"वर जाऊ देऊ नका. कोर्सनंतर ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाच्या जॉब रेडी प्रोग्रॅममध्ये निदान १,७२५ तासांचं पगारी काम, किमान बारा महिन्यांत, सिद्ध करावं लागतं. ते काम देणारं वर्कशॉप कॉलेज शोधून देत नाही. कॉलेजला स्वतःचं वर्कशॉप आहे का, तिथे हायब्रिड गाडी आहे का, एका लिफ्टमागे किती मुलं, हे पाहायला निदान कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवावं. सिडनीत आपली एवढी माणसं आहेत, एका शनिवारचं काम आहे.

आणि जे इथे आलेत, हातात आयटीआय आणि दहा वर्षांचा अनुभव आहे, पण सध्या वेअरहाऊसमध्ये काम करतात, त्यांनी पहिल्यापासून चार वर्षं शिकायची गरज नसते. आधीचं शिक्षण आणि अनुभव मोजून उरलेलंच शिकवायची सोय मान्यताप्राप्त संस्थांत आहे. जुनी अनुभवपत्रं, पगाराच्या पावत्या आणि काम करतानाचे फोटो गावाहून मागवून ठेवा. तारखांशिवायचं पत्र चालत नाही.

मालक कसा निवडायचा

वेळ कोर्स निवडण्यात कमी आणि मालक निवडण्यात जास्त घालवा. त्याच्याकडे याआधी किती ॲप्रेंटिस होते आणि किती जणांनी पूर्ण केलं, हे सरळ विचारा. चांगला मालक सांगतो, दुसरा विषय बदलतो. शिकवणारा कारागीर कोण, ते बघा. वर्षभर फक्त टायर आणि ऑइल करायला लावणारं वर्कशॉप पगार देईल, पण ट्रेड देणार नाही. "दोन आठवडे फुकट येऊन काम कर, मग बघू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. चाचणी कौशल्य दाखवण्यापुरतीच असते, त्यापुढच्या प्रत्येक तासाचा पगार द्यावा लागतो. पगाराची पावती आली की फेअर वर्कच्या पे कॅल्क्युलेटरवर ती एकदा तपासा. मूल लाजेल, म्हणून पहिल्या वेळी सोबत बसा. आणि जागा जमली नाही तर ॲप्रेंटिसशिप दुसऱ्या मालकाकडे नेता येते, झालेलं शिक्षण वाया जात नाही. निम्म्यावर सोडणाऱ्या कित्येकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सोय: अकरावी-बारावीत ऑटोमोटिव्ह हा विषय एचएससीसाठी घेता येतो, आणि त्याची लेखी परीक्षा दिली तर तो एटीएआरमध्येही धरता येतो. म्हणजे विद्यापीठाचं दार बंद न करता दोन वर्षं हात काळे करून पाहता येतं. शाळेतूनच अर्धवेळ ॲप्रेंटिसशिप सुरू करण्याची सोयही आहे. विषय निवडीचे अर्ज दहावीच्या मधल्या टर्ममध्ये भरतात, तेव्हा करिअर ॲडव्हायझरशी त्याआधी बोला.

आणि ज्यांची एचएससी आत्ताच संपतेय त्यांनी नाताळपर्यंत थांबू नये. नव्या ॲप्रेंटिसच्या जागा बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीसाठी भरतात आणि त्यांची बोलणी नोव्हेंबरात होतात. व्हिक्टोरिया अव्हेन्यूपासून सुरू करा, शोरूमच्या मागच्या बाजूला सर्व्हिस विभाग असतो. ईमेल नको, सकाळी आठच्या गर्दीनंतर, दहाच्या सुमाराला, बंद बूट घालून, एका पानाचा रेझ्युमे घेऊन आत जा आणि सर्व्हिस मॅनेजर कोण ते विचारा. आईबाबांनी गाडीतच बसावं.